‘तुम्ही कशा आहात?’ला माझं उत्तर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचा स्वभाव, दोन्ही आहेत तसेच असतील असं धरून चालते.

इकडे यांचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचलाय, पण जीभ शाबूत आहे (माझ्या हातच्या पेजेला काल "भिंतीला लावायची खळ" म्हणाले). परवा नर्सबाईंनी मला बळेबळेच रुग्णांच्या घरच्या माणसांच्या बैठकीला धाडलं. यांच्याजवळ शेजारच्या शिंपीणबाई बसल्या. मी आपली दुखण्याच्या गोळ्या लिहून मिळतील या आशेनं गेले, तर तिथे गोल मांडलेल्या खुर्च्या आणि मधोमध कागदी रुमालांचा डबा! समुपदेशक बाईंनी विचारलं, "तुम्ही कशा आहात?" मी म्हटलं, "दोनदा उलटी झाली, पोट साफ आहे." त्या म्हणाल्या, "त्यांचं नव्हे, तुमचं." मी म्हटलं, "ताप नाही." सगळे फिस्सकन हसले. मला असा राग आला! पण मग निवृत्त मुख्याध्यापकांची पाळी आली (ते बायकोचं सगळं करतात), तर ते ताठ उभे राहून म्हणाले, "आम्हाला आज बद्धकोष्ठ आहे." मग मीही हसले, ताई. हसता हसता रडायला लागले आणि रडता रडता (हे भावोजींना सांगू नकोस) बसल्या जागी झोपले. चांगली घोरले म्हणे. बैठक संपली, सगळ्या खुर्च्या उचलल्या, माझी तेवढी राहू दिली. जाग आली तेव्हा मुख्याध्यापक दाराशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला गप्प करत होते.

घरी आले तर हे म्हणाले, "उशीर केलास." म्हटलं, "झोपले होते." यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, "परत कधी असते ती बैठक?"

तुझी,
धाकटी

ता. क. : आठ दिवस येशील का? येताना सल्ले आणू नकोस, नुसती ये. घरात खोल्या दोन. एकीत हे, दुसरीतलं यांना सगळं ऐकू येतं. न्हाणीघरात नळ सोडून रडावं, तर हे खोलीतून ओरडतात, "पाणी वाया चाललंय!"

ता. क. २ : पाकीट मागितलं, तर यांनी वर्तमानपत्राच्या घडीतून काढून दिलं. वर तुझा पत्ता आधीच लिहिलेला, यांच्याच वेड्यावाकड्या अक्षरात. आत एक चिठ्ठी : "ताई, हिला सांगू नका, पण या. ही मागायला लाजते." मी अर्थातच वाचली. तशीच आत ठेवली आहे.