शाईचा मोर

गडचिरोली, माघ वद्य चतुर्थी, शके १८७६

वर्तमानपत्रासाठी गोंदणाची चित्रं उतरवायला वस्तीवर गेलो, तर खाटेवर तापलेली पोर. वाचत नाही, असं सगळ्यांनी धरलेलं. गोंदणारी म्हणाली, "तापात सुई नाई लावत मी."

आई माझ्याकडे वळली. "भाऊ, दागिने इथीच राह्यतेत, गोंदणच संग जाते. पोरीले कोऱ्या हातानं कशी धाडू? माझ्या हातावरचा मोर तुमच्या शाईनं काढा."

काढला. सारा जन्म व्याकरणात गेला, चित्रं उतरवायचं हे काम नवंच. मोराला पाय बदकाचे आले. पोर हसली, "बदक व्हय हे!" तरी पुसू नये म्हणून हात अधांतरी धरून राहिली.

तो मोर डोळ्यांपुढून हलत नाही. शाई पाण्यानं जाते, हे सांगायला जीभ रेटली नाही. पोर गेली, तर आधी अंघोळच घालतील.