बाईंची बिनपगारी रजा

सातारा,
४ मे १९७६

प्रिय उमा,

तुझं पत्र पोचलं. वर्षभर माझ्या जागेवर शिकवलंस, आणि आता विचारतेस, बाई, प्रबंध कुठवर आला, जूनला वर्ग तुमच्या ताब्यात देते. अगं, कसला प्रबंध नि कसलं काय! एक ओळ लिहिली नाही. बिनपगारी रजा घेतली ती कानांसाठी. खरं सांगितलं असतं तर सगळ्या शाळेनं कीव केली असती, आणि कीव मला सोसत नाही, हे माझी विद्यार्थिनी म्हणून तुला ठाऊक आहे.

मिरजेचे डॉक्टर झाले, पुण्याचे झाले. कानात मशीन घालून पाहिलं, तर भांडी घासल्यासारखा नुसता खडखडाट, शब्द एकही नाही. परवा इथं भावाच्या घरी वहिनी अर्धा तास दाराची कडी वाजवत उभ्या, आणि मी आत खुशाल तांदूळ निवडतेय! लय चिडल्या बिचाऱ्या. आता पाटीवर लिहून बोलतात. डॉक्टरांनी हात टेकले. राजीनामा काल टपालात टाकला, जागा आता तुझी. रडू नकोस, आणि धावत साताऱ्यालाही येऊ नकोस.

एवढं तर कार्डावरही मावलं असतं. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच कामासाठी. रजेआधी नववीत अंजना होती, विट्याची, वसतिगृहात राहणारी. तिला गणित विचारलं. ओठ हलले, ऐकू काही आलं नाही. तीनदा विचारलं. टिंगल करतेय असं वाटून तिला आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं. टेबलाशी येऊन रडत म्हणाली, उत्तर दिलं होतं. मी तिला खोटारडी ठरवलं. मग तिचे वडील आले. व्हरांड्यात ओरडले, ते मात्र मला स्वच्छ ऐकू आलं: “बोलून बी शिक्षाच आसंल, तर पोरगी शिकवायची कशाला?” घेऊन गेले. त्याच महिन्यात मी मिरजेला कान दाखवले आणि सगळं उमगलं. तरी गप्प बसले, भित्री मेली. यंदा माघात तिचं लग्न लावून टाकलं. पंधरा वर्षांची पोर!

उमा, तू तिच्याकडे जा. तिला सांग, अंजना, तू उत्तर दिलं होतंस, बाई बहिऱ्या होत्या. शाळा तिला परत मिळायची नाही, कळतंय मला. मीच जायला हवं. दोनदा एसटी स्टँडवरून परत आले. गेले असते, पण ती जे बोलली असती, ते याही वेळी मला ऐकू आलं नसतं.

अजूनही तुझीच,
क्षमाबाई