बिजली हैदराबादलाच शिकेल

मी, मथुराबाई गोविंदा पाझारे, वय चोपन्न, धर्म बौद्ध, धंदा दात काढण्याचा, राहणार वणी, जिल्हा यवतमाळ, आज हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. लिहिणारे अर्जनवीस वामनराव यांनी मला जात विचारली. मी म्हणाले, ती छप्पन साली नागपूरला सोडून आले, परत आणायला जाणार नाही. त्यांनी बौद्ध लिहिले. माझे डोके ठिकाणावर आहे. अंगाला आजार आहे, पण तो डोक्यापर्यंत पोचलेला नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट दोघांनी हे लिहू नये म्हणून भरीस घालून पाहिले.

मला दोन मुले. थोरला नागोराव, कोळशाच्या खाणीत हजेरी कारकून. धाकटी बिजली, वय एकोणीस, हैदराबादच्या दंत महाविद्यालयात पहिल्या वर्षाला. यांच्याशिवाय माझा कोणी वारस नाही.

माझी मिळकत माझ्या हातची आहे. माझे यजमान पलटणीत होते. कामठीला असताना तिथल्या दातांच्या दवाखान्यात मी आया होते. आठ वर्षे चिमटे उकळले, दात काढताना डॉक्टरसाहेबांचा हात कसा चालतो ते पाहिले. यजमान टायफॉइडने गेले तेव्हा बिजली दोन वर्षांची होती. मी वणीला आले आणि आठवडी बाजारात चटई टाकून दात काढू लागले. लवंगेचे तेल, उकळलेला चिमटा आणि मन घट्ट, एवढ्यावर सतरा वर्षे काढली. एका मालगुजाराच्या दिवाणजींनी मला वाड्यावर बोलावले आणि म्हणाले, "हाताले फडकं बांध, मंग तोंडात घाल." मी म्हणाले, "मंग दात फडक्यालेच काढाले सांगा." आणि घरी आले. तिसऱ्या दिवशी ते सुजलेला गाल घेऊन भर बाजारात माझ्या चटईवर येऊन बसले. त्यांची दाढ मी नीट काढली. हे इथे यासाठी लिहिते की माझा पैसा कुठून आला हे बिजलीला कोणी वाकडे करून सांगू नये.

पोस्टातली सगळी शिल्लक, सोन्याची एकदाणी आणि चांदीचे गोठ, हे सर्व बिजलीचे. ते तिने शिक्षणाला लावावे. ती एखाद्या वर्षी नापास झाली तरी तिचेच. तिने लग्न केले तरी तिचेच, नाही केले तरी तिचेच. शिकून ती वणीला परत आली नाही, तरी "माय तर वणीची होती" असे म्हणून तिला कोणी बांधू नये.

यावर माझी नणंद कांताबाई हरकत घेईल, म्हणून झाले ते लिहिते. कांताबाई मुंबईला असते. गेल्या जूनमध्ये बिजलीला एकाच आठवड्यात दोन पत्रे आली, एक मुंबईच्या कॉलेजचे, एक हैदराबादचे. मुंबईला फी माफ होणार होती, पण मुलींच्या वसतिगृहात जागा नव्हती. हैदराबादला वसतिगृह होते, पण आपण परप्रांतातले, फी पुरी भरायची, वर खानावळ. हिशेब कोणीही सांगेल, मुंबई. नागोरावने तेच सांगितले. कांताबाई तर पेढे घेऊन वणीला आली. म्हणाली, "वहिनी, पोरगी माह्या घरी राहीन. खाणंपिणं माह्याकडं. फक्त जायच्या आंधी माह्या पोरासंग साखरपुडा उरकून टाकू."

मी विचारले, "अन् शिकणं पुरं झाल्यावर?"

"मंग पाहू. सुनेले कायले नोकरी पाह्यजे?"

मी तिचे पेढे परत केले नाहीत. खरे सांगते, मला मुंबईच हवी होती. मुंबईच्या कॉलेजात शिकलेली लेक, हे मला बाजारात चारचौघांत सांगायचे होते. मी बिजलीला म्हणाले, दोन्ही जागा डोळ्यांनी पाहू, मग ठरवू.

मुंबईचे कॉलेज पाहून माझे डोळे दिपले. खुर्च्या अशा की कामठीला साहेबांकडेही नव्हत्या. बिजली रोगी कुठे बसतात ते पाहत होती. मग बल्लारशावरून हैदराबादला गेलो. तिथे ओसरीवर रोगी बसले होते. आदिलाबादकडचा एक कोलाम म्हातारा गाल धरून बसला होता आणि तोंड उघडायला तयार नव्हता. शिकाऊ डॉक्टर हिंदीत बोलत होते, तेलुगूत बोलत होते, तो मान हलवत होता. बिजली त्याच्यापुढे उकिडवी बसली. झरीकडचे कोलाम आमच्या बाजारात येतात, त्यांची बोली तिला थोडी येते. तिने काही विचारले. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिले आणि तोंड उघडले. तिथल्या एक बाई, शिकवणाऱ्या, मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "तुला हे कोणी शिकवलं?" बिजलीने माझ्याकडे बोट केले. बाईंनी मला खुर्ची दिली. मी बसले नाही, पण दिली हे लिहून ठेवते.

परतीच्या गाडीत बिजली म्हणाली, "माय, मले तठीच शिकाचं हाय."

मी म्हणाले, "मुंबईत फी माफ हाय वं."

ती म्हणाली, "फी माफ हाय, माय. पण मी माफ नाही."

मुंबईत तिच्या राहण्याखाण्याची किंमत साखरपुडा होती. तिचे खरे होते आणि माझे खोटे. वणीला आल्यावर मी मुंबईला नकाराचे पत्र पाठवले. कांताबाईने तेव्हापासून बोलणे टाकले आहे. तिला माझा निरोप असा की पेढे चांगले होते.

घर दोन खोल्यांचे, माझ्या नावाचे. पुढची खोली बिजलीची, मागची नागोरावची. नागोरावने मागच्या बाजूने स्वतःचे दार पाडावे. पुढची खोली त्याने विकू नये, भाड्याने देऊ नये. नागोराव, तू वाईट नाहीस. तुला चार माणसे काय म्हणतील याची भीती वाटते. यजमानांचा पलटणीचा बिल्ला आणि लोखंडी पेटी तुला देते. तो बिल्ला घालणारा कोणाला भीत नव्हता.

माझे पाच चिमटे बिजलीचे. त्या चिमट्यांनी तिने काम करू नये. तिला कायद्याचे, चांगले मिळतील. ठेवायचे तर ठेवावे, नाहीतर फेकावे.

शेजारीण रुपीबाई राठोड माझी सही होताना साक्षीला आहे. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वामनराव म्हणतात. म्हणून पितळी हंडा तिला आजच दिला. तो या कागदात धरू नये.

आता आजाराचे. दिवाळीच्या सुट्टीत बिजली आली. मी डाव्या बाजूने जेवत नाही हे तिने पहिल्याच दिवशी हेरले. म्हणाली, "माय, तोंड उघड." मी सतरा वर्षे हे लोकांना म्हणत आले, मला कोणी म्हटले नव्हते. तिने कंदील जवळ घेतला, गालाच्या आत बोटाने चाचपले आणि तिचा हात थांबला. मला ठाऊक होते. तंबाखू मी सोडली नाही आणि असली तोंडे मी पुष्कळ पाहिली आहेत. यवतमाळच्या डॉक्टरांनी मानेतल्या गाठीही दाखवल्या आणि म्हणाले, आता उशीर झाला.

बिजली म्हणाली, "मी नाही जात आता कॉलेजात."

मी म्हणाले, "तू राह्यली तरी मी मरतो, गेली तरी मरतो. मंग जाय."

 तिसऱ्या दिवशी तिने पेटी भरली.

तिची परीक्षा एप्रिलात आहे. मी त्याआधी गेले तर तिचा शेवटचा पेपर होईपर्यंत तिला तार करू नये, पत्र लिहू नये, कोणाच्या हाती निरोप देऊ नये. वामनराव म्हणाले, "बाई, हे कायद्यात बसत नाही." मी म्हणाले, "मरण तरी कुठं बसते? लिहा." नागोराव, तुला हे जड जाईल. लोक म्हणतील, लेकीला तोंडही पाहू दिले नाही. म्हणू दे. माझे तोंड तिने पाहिले आहे, आतून, कंदील धरून, कोणत्याही लेकीने पाहिले नसेल असे. अग्नी तू दे. पेपर झाल्यावर तिने यावे, पुढच्या खोलीत बसून पोटभर रडावे, आणि कॉलेज उघडायच्या आत परत जावे.

वर लिहिलेले सगळे मला दोनदा वाचून दाखवले. पेढ्यांचे वाक्य खोडू का असे विचारले, मी नको म्हणाले. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करायला वेळ नाही.

ठिकाण वणी, मंगळवार, दिनांक २१ फेब्रुवारी १९६७.

सही : मथुराबाई गोविंदा पाझारे (स्वतःच्या हाताने)

साक्षीदार :
१. रुपीबाई लालसिंग राठोड, राहणार वणी. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.
२. विठ्ठलराव बोबडे, शिक्षक, राहणार वणी. सही. मथुराबाईंनी आमच्यासमक्ष सही केली.

लिहिणार : वामनराव देशकर, अर्जनवीस, तहसील कचेरी, वणी. बाईंनी सांगितले तसेच लिहिले, माझ्या पदरचा एक शब्द घातलेला नाही. लिहिणावळ घेतली नाही.