विहिरीजवळची खोली शुभांगीची

मी, कोंडाजी सावळीराम विधाते, वय अदमासे त्र्याहत्तर, धंदा फुलं-भाजीपाल्याची शेती, राहणार मखमलाबाद, नाशिक, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. लिहायला फार उशीर केला, त्याची घरच्यांनी माफी करावी. चार यत्ता शिकलेला माणूस कागदाला भितो. डोकं जाग्यावर आहे आणि माझ्यावर कुणाचा दाब नाही. ज्याने टाकून पाहिला त्याचं नाव पुढे येईलच.

राहतं घर आणि मळा मुलगा समाधान याला. फवारणीचा पंपही त्यालाच, पण शेजारच्या कारभारीला तो पुन्हा देऊ नये. मागे त्याने नळी फाडून परत केला आणि वर मलाच ऐकवलं.

विहिरीजवळची पत्र्याची खोली मी स्वकमाईने बांधली. ती जागेसकट, जाण्यायेण्याच्या वाटेसकट मुलगी शुभांगी हिला. नवरा वारल्यापासून ती माहेरी आहे आणि त्या खोलीत पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवते. उडी मारा म्हणते, पोरं उडी मारतात, मग सांगते, हे क्रियापद. छडी खाऊन मला जे कळलं नव्हतं ते म्हातारपणी उंबऱ्यावर बसून कळलं. समाधान म्हणतो, ही शाळा का तमाशा. तमाशा त्याने केला.

त्याला ती खोली कीटकनाशकांच्या दुकानाला भाड्याने द्यायची. बहिणीला साडीचोळी आणली आणि घडीखाली हक्कसोडीचा कागद ठेवला, सही कर म्हणून. बाप जिवंत, समोर बसलेला!

दुकानदाराला घेऊन तो खोली दाखवायला आला तेव्हा गोष्टीचा तास चालू होता. गोष्टीत कोण आहे, ती कुठे घडते, अडचण काय आली, शेवट काय झाला, असं शुभांगी विचारत होती. समाधानचीच मुलगी हर्षाली उठली.

"एक आत्या होती. ती विहिरीजवळच्या खोलीत शिकवायची. एक दिवस तिला सांगितलं, खोली सोड."

पोरांनी विचारलं, मग शेवट? हर्षाली दाराकडे बघून म्हणाली, "तो बाबांना माहीत."

आधी घरातलं मिटवा म्हणून दुकानदार निघून गेला. समाधानने पोरीला दंडाला धरून नेलं. तेव्हापासून तिला तासाला पाठवत नाही. म्हणतो, आत्यानेच पढवलं. अरे, जेवताना तू जे मोठ्याने बोलतोस, ते तिला कुणी पढवायला हवं का?

म्हणून शेवट मी लिहितो. किल्ली आजच शुभांगीच्या हाती दिली आहे, मागाहून शोधाशोध नको. पत्र्यावरचे दगड दरवर्षी मृगाआधी बघावेत, वाऱ्याने सरकतात, मला त्याचा घोर लागतो. ती साडी तिने खुशाल नेसावी. कागद मी चुलीत घातला.

साक्षीदार: यादव नामदेव तिडके (सही), रंगनाथ वाळू पिंगळे (सही)
कोंडाजी सावळीराम विधाते (सही)
मखमलाबाद, ता. १२ डिसेंबर २००३

सहीखाली काही लिहू नये असं यादव म्हणतो. तरी लिहितो, कारण हे मी जिवंत असतानाच वाचायचं आहे. समाधान, हर्षालीला तासाला कधी पाठवतोस? एक शब्द पुरे. लवकर कळव, मी उंबऱ्यावरच बसलो आहे.