जीपच्या कार्पेटखाली

आप्पा, तुमच्या जीपचं कार्पेट शनिवारी उखडलं. मीच उखडायला लावलं, आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. तुम्ही असता तर समोर उभी राहून भांडले असते. नाही आहात, म्हणून मुलाच्या प्रिंटरचे कोरे कागद घेऊन बसलेय. सातवीला शाळा सुटली माझी, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत. तशी तुम्ही कुठे ठेवायचात म्हणा. बापाने ओरडावं, बोलावं, तर तुम्ही तोंडच उघडायचा नाहीत. त्याचाच राग आहे.

तुमची जीप इतकी वर्षं बदलापूरला, शिरगावात आमच्या बिल्डिंगखाली ताडपत्री घालून उभी होती. आता माझ्या मुलाला ती चालवायचीय. म्हणतो, "आई, इंजिन ओके आहे गं, फक्त आवाज. आत बसलं की डब्यात खडे घालून कोणीतरी हलवतंय असं वाटतं. डॅम्पिंग करून घेऊ, नवीन कार्पेट टाकू." डॅम्पिंग म्हणजे काय, तर पत्र्याला आतून चकचकीत चंदेरी शीट चिकटवतात, मग पत्रा वाजत नाही. मी म्हटलं, जीप आहे ती, वाजणारच. तुला गाडी चालवायचीय का आत झोपायचंय? पण ऐकतो कोण. नेली उल्हासनगरला, कॅम्प पाचला. तिथला कार्पेटवाला सिंधी, पन्नाशीचा, हाताला साफ पण तोंडाने जास्त. मला म्हणतो, "अम्मा, आप चाय पियो, आप टेन्शन मत लो." मी टेन्शन घेत नव्हते, मी नजर ठेवून होते.

सीटा काढल्या, रबराची मॅट काढली, मग कार्पेट ओढलं. ड्रायव्हरच्या बाजूला खाली नुसता पत्रा, गंजलेला. तुमच्या पायाखाली तुम्ही काही म्हणता काही घातलं नव्हतं. डाव्या बाजूला तो थांबला. "अम्मा, इधर तो कपड़ा है." मी म्हटलं, नमदा असेल, दाबलेल्या लोकरीचा जाड थर, जुन्या गाड्यांना घालायचे. "नमदा नहीं, रजाई है किसी की. काट के बिठाई है. और चिपकाई किससे, देखो, मैदे की लेई! सोल्युशन का नाम नहीं. कौन अनाड़ी था?"

"माझा बाप होता," मी म्हटलं. त्याने कान पकडला. मुलगा मात्र हसला. "आज्जोबांनी जीपला खळ लावली? पतंगाची?"

मी खाली बसले. माझी उमर जीन्सच्या कारखान्यात ओव्हरलॉक मशीनवर गेली आप्पा, टाका मला कळतो. कोपऱ्यावर आला की दुहेरी होणारा, जरा डावीकडे कललेला. आईचा. वरच्या थरात तुमच्या कंपनीच्या शर्टाची खाकी, त्याच्याशेजारी माझ्या शाळेचा निळा स्कर्ट, आणि फाटलं होतं तिथून आतला हिरवा काठ दिसत होता. आईच्या आईचं लुगडं. चाळीसेक वर्षं हरवलेली गोधडी, आणि ती तुमच्या जीपमध्ये!

अंबरनाथ पश्चिमेच्या दोन खोल्या मला आत्ता दिसतायत. आई स्वयंपाकघरात गोधडी पसरून बसलीय, चूल एका बाजूला, दार दुसऱ्या बाजूला, आम्हाला पाण्याला जायचं तर तिच्यावरून उडी मारायची. माझा पाय लागतो. फाडकन पोटरीवर बसते. "नमस्कार कर. आत माझी आई आहे." मी म्हणते, चिंधी आहे गं. दुसरी बसते.

मग तिचं डोक्याचं दुखणं सुरू झालं. दर आठवड्याला उल्हासनगरच्या दवाखान्यात न्यायचं. कंपनीने टाकून दिलेली जीप तुम्ही दुरुस्त करून घेतली होती, तिच्यातून. आई पुढे डावीकडे, इंजिनाची पेटी तिच्या गुडघ्याला लागून. ती दोन्ही हातांनी कान दाबून बसायची, डोळे मिटून, आणि तुम्ही गाडी अशी चालवायचात की जणू रस्त्यावर अंडी पसरलीत. एक दिवस परत येताना ती म्हणाली, "आज कमी वाजतेय हो." तुम्ही म्हणालात, "ऑइल बदललं." मी मागे बसलेले. मला पक्कं आठवतंय. मला वाटलं, वा, काय ऑइल आहे.

त्याच महिन्यात गोधडी गायब झाली आणि घरात नवीन स्टीलचं पातेलं आलं. मी कोण, बावळट? बोहारणीला गोधडी देऊन पातेलं घेतलंत, असं मी तुम्हाला तोंडावर म्हटलं. तुम्ही बूट घातले आणि ड्युटीवर गेलात. कंपनीने दिवाळीला ड्रायव्हरांना दिलं असेल ते पातेलं, नाहीतर कुठून आलं असेल, मी आता काय जाणे! पण तेव्हा सांगायला काय झालं होतं? आई शेवटी शेवटी अंथरुणावर विचारायची, "माझी गोधडी दे गं, ही चादर टोचते." तुम्ही खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभे. "बघतो," म्हणायचात. बघतो! खाली जीप उभी होती, आप्पा. चाळीस पायऱ्याही नव्हत्या.

मला कळत नाही असं नाही. दुकानातला नमदा म्हणजे डांबर आणि सोल्युशन, आणि आईला फोडणीचा वाससुद्धा सहन होत नव्हता, भडाभडा उलट्या व्हायच्या. गाडीत तो वास कोंडला असता तर अर्ध्या रस्त्यात हाल झाले असते तिचे. म्हणून सुती गोधडी आणि खळ. हे मला त्या दुकानात, फरशीवर बसल्याबसल्या कळलं. आणि बोलला का नाहीत तेही कळलं. तिच्या आईचं लुगडं तिच्याच पायाखाली, तेही कात्रीने कापून. समजलं असतं तर ती त्या जीपमध्ये पुन्हा चढली नसती. चढली असतीच, तर दवाखान्यापर्यंत पाय वर घेऊन बसली असती. सगळं कळलं. तरी राग आहे. कारण शेवटी जीपमध्ये चढायचं राहिलंच कुठे होतं? तेव्हा सांगायचंत. "अगं, तुझीच आहे, तुझ्या डोक्याला त्रास नको म्हणून घातली." एवढं वाक्य. चिडली असती, रडली असती, पण तुम्ही गोधडी विकून टाकलीत असं मनात धरून गेली नसती. मी तिला तेच सांगितलं होतं, बोहारणीचं. तुम्ही ऐकत होतात, आणि ऐकून घेतलंत.

कार्पेटवाला म्हणाला, "भंगार में डालूं?" मी म्हटलं, हात लावू नको. मुलगा म्हणाला, "आई, फ्रेम करूया, हॉलमध्ये भारी दिसेल." गोधडी काय फोटो आहे, हार घालायला? घरी आणून तीनदा धुतली. डिझेलचा वास जात नाही. फाटलं तिथे टाके घातले आणि सोमवारी परत दुकानात घेऊन गेले. खाली तुझी काय ती चंदेरी शीट लाव म्हटलं, नवीन कार्पेट टाक, माझं काही म्हणणं नाही. ही वर लाव. छताला, रेक्झिनच्या आत. डाव्या बाजूला.

"अम्मा, छत में रजाई कौन लगाता है? और लेई से? गिर जायेगी."

"गिरेगी तो मेरे सिर पे गिरेगी. तेरे नहीं."

खळ मी घरूनच करून नेली होती. माळ्यावरून ते पातेलं काढलं. कधी चहासुद्धा केला नव्हता त्याच्यात. पहिल्यांदाच गॅसवर चढवलं आणि खळ बुडाला लागली. डाग घासून निघत नाही. राहू दे.

काल मुलाने बदलापूरहून अंबरनाथपर्यंत फिरवून आणलं. मी डाव्या बाजूला बसले होते. शेजारीण मागे होती, ती म्हणाली, "ताई, जीप असून आवाज कसा नाही हो?"

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, कागद उगाच गेले. तुम्हाला माफ केलंय असंही समजू नका. पण एक सांगते. त्या शेजारणीला सगळं सांगायला तोंड उघडलं होतं मी, गोधडीचं, आईचं. आणि बाहेर काय पडलं, तर, "ऑइल बदललं."