एका कानाची मांजर

मास्तर, ते अन्नपूर्णेचं चित्र परत आलं. रोहण्याकडच्या देवळातलं, कापडावर तेलरंगानं काढलेलं, देवीच्या हातात पळी आन् बाजूले चूल. तुमी गेले तवा आपुन नागपूरच्या राज्यात होतो, आता मुंबईच्या राज्यात आलो म्हणतात. पण वर्ध्यातली आपली खोली तिथंच हाय. तेच टेबल, खिडकीतून येणारा तोच दुपारचा उजेड, आन् तुमच्या खुर्चीवर मी बसतो. नाचणगावचा चौथी नापास पोट्टा लोकांची जुनी चित्रं दुरुस्त करते, असं तवा कोणी म्हणलं असतं त सगळ्यात आधी तुमीच हसले असते. चित्र पुजाऱ्याची बायको घेऊन आली, एस्टीनं, चादरीत गुंडाळून. खिळा निसटून पडलतं, मागचं अस्तर सुटलं होतं. मी चादर सोडली. डाव्या कोपऱ्यात, चुलीपाशी, मांजर झोपली होती. माझी मांजर.

तुमी मले पयला उन्हाळाभर ब्रश दिला नाई. नुसती खळ शिजवायले लावली. मैदा चाळ, पाण्यात कालव, मंद आचेवर एकाच बाजूनं ढवळ, गुठळी दिसली का फेक. मंग कापूस. बांबूच्या काडीले कापूस गुंडाळायचा, तोंडात धरून वलसर करायचा, आन् चित्रावरची काजळी बोटभर जागेत गोल गोल फिरवून काढायची. थुकीनं! मी पयल्यांदा पाह्यलं त मले हसूच आवरे ना. तुमी म्हणे, "हास बे, हास. पण तंबाखू खाऊन या कामाले बसला त हात मोडीन. थुकी कोमट असते, पाण्याहून बरी मळ सोडवते." आन् एक गोष्ट तुमी रोज सांगत, खळ ढवळता ढवळता मले पाठ झाली. आपलं काम उद्याच्या माणसाले मोडता आलं पाह्यजे, त्याले आपल्याहून जास्त समजन. मी एक दिवस इचारलं, "मंग आपुन करतो कायले?" तुमी चष्म्यावरून पाह्यलं. "तो येईपर्यंत चित्र टिकावं म्हणून."

अन्नपूर्णा पयल्यांदा आली तवा दिव्याच्या काजळीनं काळीठिक्कर होती, आन् चुलीपाशी उंदरानं तळहाताएवढं भोक पाडलतं. तुमी मागून कापड जोडलं, भोक खडूच्या पुडीनं आन् सरसानं भरलं, सगळ्यावर वार्निसचा पातळ हात दिला. मले म्हणे, "इथं काय होतं ते आपल्याले ठाऊक नाई. म्हणून काई काढाचं नाई. बाजूच्या रंगासारखा मंद रंग लावाचा, झालं." तितक्यात पुजारीमहाराज काम पाहाले आले. वरच्या कडेले थोडी काजळी राह्यलती, ती पुसाले तुमी तोंडात काडी धरून बसले होते. माझी जीभ कुठची थांबते? मी वरडलो, "महाराज, मास्तर देवीवर थुकून राह्यले!"

काय गोंधळ झाला! महाराज चित्र तसंच उचलून न्याले निघाले. शेजारचा शिंपी मशीन सोडून दारात उभा राह्यला. तुमचा चेहरा पांढरा पडला, पण तुमी वरडले नाई. काळा झालेला कापूस त्यायले दाखवला आन् म्हणे, "महाराज, माय लेकराचं तोंड कसं पुसते? पदराचं टोक तोंडात वलं करूनच ना? आज लेकरानं मायचं तोंड पुसलं समजा." महाराज बसले. चहा घेतला. ते गेल्यावर तुमी मले एकच वाक्य बोलले. "तुह्या हातात कसब हाय, म्हणून मले भेव वाटते. दिवाळीपर्यंत ब्रशले हात लावशील नको." थापड मारली असती त बरं झालं असतं. मले लय राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुमी जेवून खुर्चीवर बसल्या बसल्या झोपले. मी पाण्याच्या रंगाचा डबा काढला आन् त्या भरलेल्या जागेवर मांजर काढली. झोपलेली, करड्या रंगाची, दोन कान, मिशा. आंग मावलं, शेपूट मावे ना. ती मी सरळ देवीच्या पदरावर नेली, जुन्या रंगावर. वाटलं, तुमी उठसाल, वरडसाल, मजा येईन. तुमी उठले, चित्रापाशी गेले, चष्मा पुसला, लय वेळ पाह्यलं. मंग म्हणे, "चहा ठेव." मी इकडं चहा ठेवून राह्यलो, आन् संध्याकाळी महाराजांची बैलबंडी आली, चित्र बांधलं, गेलं. मी समजलो, तुमच्या नजरेले ते दिसलंच नाई. आज सांगतो, उद्या सांगतो, करता करता थंडी आली. तुमाले ताप आला, आन् चार दिवसांत तुमी गेले. दिवाळी होऊन गेलती, पण ब्रश मी मागितला नव्हता. तवापासून जुनं चित्र हातात घेतलं का मले ती शेपूट दिसे. दिव्याच्या धगीनं ती जुन्या रंगात शिजून बसली असन, आता निघाची नाई. आन् लोक म्हणतीन, मास्तरनं देवी बिघडवली.

पुजाऱ्याच्या घरच्या या काकू त मांजरीवर भलत्या खूश. "बापू, मागचं अस्तर लाव, पण मांजरीले धक्का लागू देजो नको. जे लेकरू जेवत नाई त्याले तिच्यासमोर बसवतो आमी. 'जेव, नाईत कानतुटी उठन' म्हणलं का चटचट खाते."

"कानतुटी?"

"एकच कान हाय ना तिले. पाह्यलं नाई काय?"

मी दोन काढलते, मास्तर. काकू पुतणीकडं मुक्कामाले गेल्या, मी दार लावलं आन् वाकून पाह्यलं. डावा कान नव्हता. उडाला नव्हता, खरचटला नव्हता, कोणी तरी स्वच्छ गोल पुसला होता. तवा मले तुमची वही आठवली, ज्यात तुमी हर चित्राचं काय मोडलं, काय जोडलं ते लिहत. ती मी इतके वर्षं उघडली नाई. स्वतःले म्हणे, तुमचं अक्षर लागत नाई. खरं त भेव होतं. एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. "डाव्या कोपऱ्यातील मांजर मूळची नव्हे. शिकाऊ हाताची. पाण्याचा रंग, वार्निसवर. कान पुसून पाहिला, ओल्या कापसाने सहज निघतो, खाली इजा नाही. शेपूट पदरावर गेली आहे, तीही निघेल. ज्याने काढली तोच पुसेल, म्हणून ठेवली."

मी वही बाजूले ठेवली. मंग चूळ भरली, काडीले कापूस गुंडाळला, तोंडात धरला आन् शेपटीले लावला. मास्तर, निघाली! कापसावर करडा रंग आला आन् खालून लाल पदर, त्याची पिवळी किनार, जशीच्या तशी. एक चरा नाई. माझ्या छातीवरचा दगड इतका सरकन उतरला का मी एकटाच मोठ्यानं हासलो. शिंपी भिंतीपलीकडून इचारते, "काय झालं रे?" मी म्हणलो, "शेपूट निघाली." तो म्हणते, "कोणाची?"

सकाळी काकूले सगळं सांगतलं, वही दाखवली. वाटलं, चित्र उचलून निघतीन. त्या तोंडावर पदर धरून हासत राह्यल्या. "म्हंजे थुकीचं वरडणारा पोट्टा तूच काय रे! शेपूट गेली त जाऊ दे, ती देवीच्या आंगावर होती. मांजर राहू दे बापू, आमची लेकरं उपाशी मरतीन." मांजर हाय ती जागा उंदराच्या भोकाची, खाली जुना रंग नाईच, आन् निघते केव्हाबी. राहू दिली. वहीत तुमच्या ओळीखाली माझ्या वाकड्या अक्षरात लिहलं: शेपूट पुसली, मांजर गावाच्या म्हणण्यानं ठेवली. दुसरा कान काढाले हात शिवशिवला, पण काढला नाई.

हे पत्र कुठं टाकाचं ते मले ठाऊक नाई, वहीतच ठेवतो. फक्त एक गोष्ट तुमाले बी समजली नसन. त्या दुपारी मांजर कशी झोपते ते मले आठवत नव्हतं. म्हणून मी तुमच्याकडं पाहून काढली. मान एका बाजूले, तोंड जरासं उघडं. मिशा तेवढ्या माझ्या मनच्या.