नववा रकाना

प्रिय वैष्णवी,

टाके भरून येत आहेत, असं सिस्टर म्हणाल्या. डाव्या हाताची दोन बोटं मात्र गेली. माझ्या डोळ्यांसमोरून तो शनिवार हलत नाही. महागावला तू लपून राहायचीस, त्या खोलीत आपण तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. दार कडीसकट आत आलं. इंद्रजीतच्या हातात कुऱ्हाड होती आणि तो हसत होता. "मले वाटलं, लय दूर पयाली असशीन," म्हणाला. पहिला घाव तू हातावर झेललास, दुसरा खांद्यात बसला. शेंगांची टोपली रक्तानं भरली. नवराच तो, पण केस धरून तुला उंबऱ्यापर्यंत जनावरासारखं फरफटत नेलं, तेव्हा मी वरवंटा उचलला आणि त्याच्या कानामागे घातला. तो पडल्यावर पुन्हा दोनदा घातला. हाड फुटलेलं आधी हाताला कळतं, कानाला नंतर. तो जगला. ऐकून बरं वाटलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दारव्ह्याला महिला समुपदेशन केंद्रात कामाला जाताना जीपवाला देवीलाल मला पुढची जागा देतो. "वरवंटेवाली बाई हाय हे, नीट बसा, नाही तं घालते," असं मागच्यांना सांगतो. सगळे हसतात. मी खिडकीबाहेर बघते.

तुला ठाऊक आहे, मला बाबांनी तांड्यावर घरीच शिकवलं. शाळेत मी एकदम तिसरीत गेले. पाटीवर लिहिलं की ते लगेच पुसू देत नसत. "आंधी वाच, मंग पूस," म्हणायचे. हल्ली तेच आठवतं.

केंद्रातल्या संगणकावर मी एक्सेलला नवा मेनू बसवला, ते तुला कौतुकानं सांगितलं होतं. 'नवी नोंद', 'तारीख द्या', 'नोटीस छापा'. आधी नवऱ्याला बोलावण्याची नोटीस आम्ही हातानं भरायचो, म्हणून तिचा शब्दन् शब्द वाचला जायचा. आता मॅक्रो, म्हणजे मी लिहून ठेवलेली आज्ञावली, एका क्लिकवर भरतो. आठव्या रकान्यात बाईचा खरा पत्ता, तो मी लपवलेला. नवव्यात केंद्राचा, तोच नोटिशीवर जायचा. आमच्या केंद्रप्रमुख अर्पिताताई म्हणाल्या, "रंजिता, तू तं इंजिनेरच व्हाले पायजे होती." मी आठवडाभर हवेत होते.

दिवाळीनंतर मी एक रकाना वाढवला. पत्त्यात गावाचं नाव असतं, बंजाऱ्यांच्या तांड्याचं किंवा कोलामांच्या पोडाचं नसतं. मग आमची पत्रं गावातच पडून राहतात. बाबांचं तर कुठलंच पत्र कधी वेळेवर आलं नाही. म्हणून सहाव्या जागी हौसेनं 'तांडा/पोड' घातला. पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकले. मॅक्रोला मात्र मी रकान्याचं नाव दिलं नव्हतं, आकडा दिला होता. तो नववाच उचलत राहिला.

त्यानंतर लगेच इंद्रजीतची नोटीस होती. मी क्लिक केलं, सही-शिक्का घेतला, पाकीट चिकटवलं. वाचली नाही.

खोली आपल्या तिघींनाच माहीत होती, म्हणून भागीरथाकाकूंनीच, तुझ्या आईनंच, पत्ता फोडला असं तू पोलिसांना सांगितलंस. तिचा डबा रोज परत पाठवतेस. काल भागीरथाकाकू मला म्हणाल्या, "म्या नाही सांगतलं वं रंजू. पण पोरगी म्हन्ते तं झोपीत बरळली असन का मी?" मी घरी न जाता तशीच केंद्रात गेले आणि नोटिशीची प्रत काढली. अर्जदाराच्या पत्त्यात केंद्राऐवजी, आठव्यातून नवव्या रकान्यात सरकलेली तुझी खोली आहे, घरमालकाच्या नावासकट. वैष्णवी, त्याला तुझा पत्ता मी पाठवला. मेनू मी पुसून टाकला आहे. अर्पिताताईंना लेखी दिलं, सोमवारी पोलिसांना देईन. काकूंना अजून काही माहीत नाही. त्या बाहेर बाकावर बसल्या आहेत, मांडीवर डबा, आत अंबाडीची भाजी. हे पत्र सिस्टरांकडे देऊन मी जिन्याजवळ थांबते. वाचून झालं की आधी त्यांना आत घे. मग मला बोलाव. त्यांना हे तुझ्यासमोर मलाच सांगू दे.

म्हणायला जीभ धजत नाही, तरी तुझीच,
रंजिता